हरणांना झिजवणारा रोग: नॅशनल पार्कात जाताना काय पाहावं, काय टाळावं

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चितळांचा कळप दिसला की मुलं हातातलं बिस्कीट पुढे करतात. तो हात आधी थांबवा.

का, ते सांगतो. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग १९६७मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. पुढे तो एल्क आणि मूस या तिकडच्या मोठ्या हरणांमध्ये दिसला, आयात केलेल्या एल्कबरोबर दक्षिण कोरियात गेला आणि २०१६मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्ये सापडला. भारतात त्याची नोंद नाही, आणि ती कधी होऊ नये. यात ना जिवाणू असतो ना विषाणू. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदू पोखरतं. लस नाही, औषध नाही. लाळ, मूत्र, लेंड्या यांतून प्रिऑन मातीत उतरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. आपण खाऊ टाकतो तिथे सगळा कळप एकाच जागी तोंड घालतो. अशा जागी कुठलाही संसर्ग पसरायला वेळ लागत नाही.

आता नजर कशावर ठेवायची? लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष बहुधा काहीच दिसत नाही. मग जनावर खंगत जातं, मान खाली, कान पडलेले, लाळ गळते, पाय अडखळतात, माणसाची भीती उरत नाही. मुंबईत असं चितळ किंवा सांबर दिसलं तर कारण बहुधा दुसरंच असेल: लाळ्या-खुरकूत, रेबीज, पोटातलं प्लॅस्टिक. निदान पशुवैद्यावर सोडा. तुम्ही लांबूनच, चाल नीट दिसेल असा व्हिडिओ घ्या, जागा आणि वेळ टिपा, आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

हरीण मेलेलं आढळलं तर हात लावू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका, आणि फोन लगेच करा. या रोगाची खात्रीची तपासणी मेंदूच्या देठाच्या आणि घशामागच्या लसिका गाठींच्या नमुन्यावर होते, आणि आपल्या दमट हवेत मृतदेह फार लवकर सडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनाही एक सांगून ठेवा. शिकारीचं मांस किंवा शिंगं भेट म्हणून आणू नका. तिकडच्या जंगलात फिरलेल्या बुटांची माती तिथेच धुऊन या. हा रोग माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाहीत.