ट्रेकिंग क्लब चालवायचाय? रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करा

सात-आठ मित्रांनी सुट्टीत डोंगरात जाणं वेगळं आणि क्लब चालवणं वेगळं. मित्रांमध्ये कोणी दमलं तर सगळे आपोआप थांबतात, एकाचं पाणी संपलं तर दुसऱ्याची बाटली पुढे येते, सांगावं लागत नाही. क्लबमध्ये निम्मी माणसं एकमेकांना त्याच सकाळी पहिल्यांदा भेटलेली असतात, त्यातलं कोणीतरी गुडघा दुखतोय हे सांगायला लाजत असतं, कोणीतरी नवेकोरे बूट घालून आलेलं असतं, आणि या सगळ्यांना सुखरूप परत आणायची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांना त्याचा एक पैसाही मिळत नसतो. मी बरीच वर्षं अशा क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करतेय आणि माझं ठाम मत झालंय की रूट ठरवताना, फॉर्म बनवताना, कामं वाटताना, कायम रांगेत सगळ्यात शेवटी जो चालतोय त्याचा विचार आधी करायचा. पुढच्याचं काही अडत नाही.

आधी माणसं, मग डोंगर

पहिला ट्रेक जाहीर करायच्या आधी चार-पाच जण एकत्र बसा आणि कामं कागदावर मांडा. ट्रेकचं वेळापत्रक, नावनोंदणी आणि संपर्काची यादी, पैसे, सामान (फर्स्ट एड, दोर, जादा टॉर्च), नवीन लोकांची विचारपूस, लीडर तयार करणं. प्रत्येक कामाला एक मुख्य माणूस आणि एक जोडीदार, जोडीदार हवाच, कारण स्वयंसेवकाला नोकरी असते, घर असतं, परीक्षा असतात आणि तो कधी ना कधी दोन महिने गायब होणारच, तेव्हा त्याला अपराधी वाटू नये आणि कामही थांबू नये. जबाबदारी एक वर्षाची ठेवा. वर्षानंतर ज्याला सोडायचंय त्याला आनंदाने सोडू द्या.

बहुतेक क्लब एका उत्साही माणसाच्या जोरावर उभे राहतात आणि तो माणूस थकला की बसतात. सगळे फोन नंबर त्याच्याकडे, ईमेलचा पासवर्ड त्याच्याकडे, रूटची माहिती त्याच्या डोक्यात. म्हणून क्लबचं ईमेल, ड्राइव्ह, ग्रुपचं अ‍ॅडमिनपद हे पहिल्या दिवसापासून किमान दोघांकडे असू द्या.

मदत मागायचीही एक पद्धत असते. ग्रुपवर ‘कोणी मदत करेल का’ असं टाकलं की सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. त्याऐवजी एका माणसाला फोन करा आणि एकच छोटं काम द्या, म्हणजे ‘येत्या रविवारी फक्त हजेरीची यादी तू सांभाळशील का’. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी तोच माणूस स्वतःहून विचारतो.

कागदपत्रं आणि पैसे

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. क्लब रजिस्टर करायचा का, विमा लागतो का, जंगलात किंवा खासगी जमिनीतून जायला कोणाची परवानगी लागते हे आपापल्या भागात विचारून घ्या, आणि परवानगीची एक प्रत लीडरच्या सॅकमध्ये राहू द्या. खर्च जेवढा होईल तेवढाच सगळ्यांत वाटायचा, वर थोडी वर्गणी सामानासाठी, आणि ट्रेक झाल्यावर दोन दिवसांत हिशोब सगळ्यांसमोर. दहा रुपयांचा घोळ असला तरी तो लगेच सांगा. पैशावरून एकदा मनात किल्मिष आलं की मैत्री राहते पण क्लब राहत नाही.

ट्रेक निवडताना आणि जाहीर करताना

ज्या वाटेने लीडर गेल्या काही महिन्यांत गेलेला नाही त्या वाटेने वीस जणांना न्यायचं नाही, आधी दोघा-तिघांनी रेकी करायची. फाटे कुठे फुटतात, पाणी कुठे मिळतं, मोबाईलला रेंज कुठून जाते, मधूनच खाली उतरून गाडीरस्ता गाठायचा झाला तर कुठून, हे लिहून आणायचं. नुसता जीपीएस ट्रॅक डाउनलोड करून भागत नाही, दरड कोसळलेली किंवा झाडोऱ्याने बुजलेली वाट त्यात दिसत नाही.

जाहिरातीत ‘सोपा ते मध्यम’ असं लिहून काहीच कळत नाही. जो आठवड्यातून तीनदा पळायला जातो त्याला सगळंच सोपं आणि जो पहिल्यांदा येतोय त्याला दुसरा मजलाही चढ वाटतो. आकडे द्या. एकूण अंतर, एकूण चढ मीटरमध्ये, चालायचे तास, दरीच्या कडेने जावं लागतं का, हात लावून चढायचे टप्पे आहेत का.

वेळेचा अंदाज काढायला एक जुना हिशोब आहे, स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला. सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे 10 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असेल तर तीन तास. पण हा हिशोब चांगल्या तब्येतीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. क्लबमध्ये फोटो असतात, बुटात खडे जातात, पाणी प्यायला थांबणं असतं, त्यामुळे मी तो आकडा दीडपट करते आणि नवखे जास्त असतील तर सरळ दुप्पट. मग सूर्यास्ताच्या दोन तास आधी खाली यायचं असं धरून उलटं मोजत सकाळची निघायची वेळ काढते. लोक कुरकुरतात, इतक्या पहाटे कशाला म्हणून. कुरकुरू द्या.

नावनोंदणी

फॉर्म छोटा ठेवा पण पाच गोष्टी त्यात हव्यातच: घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट, अ‍ॅलर्जी किंवा चालू असलेली औषधं, शेवटचा ट्रेक कधी आणि कोणता, आणि ‘आम्हाला सांगावंसं वाटतं असं काही’ म्हणून एक मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत लोक जे लिहितात ते समोरासमोर कधीच बोलत नाहीत. उंचीची भीती, दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन. ही माहिती फक्त लीडर आणि फर्स्ट एडवाल्याने बघायची, ग्रुपवर कधीही टाकायची नाही आणि ट्रेक संपला की काढून टाकायची. अल्पवयीन मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी.

संख्या किती? साध्या, ओळखीच्या वाटेवर दोन अनुभवी माणसांमागे बारा-पंधरा जण, त्यापुढे मला धडकी भरते. वाट अवघड असेल तर निम्मे.

आणि कधीकधी नाही म्हणावं लागतं. हे लीडरचं सगळ्यात अवघड काम आहे, डोंगर चढण्यापेक्षाही. ‘तुला जमणार नाही’ असं म्हणू नका, त्या माणसाला फोन करून सांगा की या ट्रेकला 900 मीटर चढ आहे, तू आधी पुढच्या महिन्यातला 300 मीटरवाला ये, तिथे मी तुझ्यासोबत चालते. अशी थांबवलेली माणसं आमच्याकडे टिकलीत.

ट्रेकच्या दिवशी

निघायच्या आधी गोल करून उभे राहा. हजेरी घ्या, आकडा सगळ्यांना मोठ्याने सांगा, आणि प्रत्येकाने स्वतःचं नाव सांगायचं. हे का सांगतेय ते ऐका.

एकदा आम्ही वीस जण उतरत होतो, मी पुढे होते. खाली मोकळ्या जागेत मोजलं तर एकोणीस. परत मोजलं, एकोणीसच. शेवटी चालायची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो गप्पांच्या नादात कधी पुढे आला त्याचं त्यालाही कळलं नव्हतं आणि मीही वरच्या फाट्यावर थांबून मोजलं नव्हतं, ती चूक पूर्णपणे माझी. तो एक जण पहिल्यांदाच आलेला. बुटातला खडा काढायला खाली बसला, उठला तर समोर कोणी नाही, आणि फाट्यावर डावीकडची वाट जास्त मळलेली दिसली म्हणून तिकडे गेला. आम्ही दोघं परत वर गेलो आणि तासाभराने तो फाट्याच्या दगडावर बसलेला सापडला, वाट चुकल्याचं लक्षात येऊन परत तिथे येऊन थांबला होता म्हणून बरं. मी विचारलं, हाक का नाही मारलीस? तो म्हणाला, कोणाला मारू, मला कोणाचं नावच माहीत नव्हतं.

तेव्हापासून नावं सांगितल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही. आणि तीन नियम पक्के झाले. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही, लीड म्हणजे सगळ्यात पुढे चालणारा आणि स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा स्वयंसेवक, त्याच्याकडे फर्स्ट एड आणि टॉर्च असतो आणि त्याने काहीही झालं तरी कोणाला ओलांडून पुढे यायचं नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचं, स्वीप दिसला आणि आकडा जुळला की निघायचं. आणि कोणी आडोशाला जात असेल तर सॅक वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे स्वीपला ती दिसते आणि तो थांबतो.

थांबण्याबद्दल अजून एक. पुढे पोचलेले लोक दहा मिनिटं बसून ताजेतवाने होतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात सगळे उठतात. त्याला विश्रांती मिळतच नाही आणि तो आणखी मागे पडतो. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. अगदी हळू चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे घ्या, चाल आपोआप बसते.

परत फिरायची वेळ सकाळीच जाहीर करायची. ‘एक वाजता आपण जिथे असू तिथून मागे’ असं आधी सांगितलेलं असलं की माथा अर्धा तासावर दिसत असताना वाद होत नाहीत. विजेचंही तसंच आधी ठरवा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा कमी लागले तर कडा आणि माथा सोडून खाली सुरक्षित जागी जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं हलायचं नाही. आणि वर गेलं की गारठा वाढतो, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, म्हणून पायथ्याला घाम येत असला तरी एक कोरडा उबदार थर प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवा. सामानाची यादी मनाने बनवायची गरज नाही, अमेरिकेतल्या सिएटलच्या द माउंटेनियर्स या 1906 साली सुरू झालेल्या क्लबने 1930 च्या दशकात दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी केली, नकाशा, होकायंत्र, टॉर्च, जादा कपडे, जादा खाणं, फर्स्ट एड वगैरे, तीच थोडी बदलून आजही चालते.

काही झालंच तर

ट्रेकला न आलेला एक माणूस घरी ‘जागा’ असला पाहिजे. त्याच्याकडे नावांची यादी, रूट, गाडी नंबर आणि एक वेळ. त्या वेळेपर्यंत सुखरूप उतरल्याचा फोन आला नाही तर काय करायचं, कोणाला कळवायचं हे त्याला लिहून दिलेलं. फोन लागत नसेल तिथे एसएमएस कधीकधी जातो, प्रयत्न करत राहा.

प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला शिट्टी हवी. मदतीची खूण म्हणजे मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा, आणि उत्तर म्हणून मिनिटात तीन. काही देशांत मदतीसाठीच तीन शिट्ट्या मारतात, म्हणून आपल्या भागातली पद्धत एकदा विचारून घ्या. सकाळच्या गोलात एकदा वाजवून दाखवा. दर ट्रेकला निदान दोघांनी फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेलं असावं, आणि नुसतं सर्टिफिकेट नाही, वर्षातून एकदा मैदानात खोटा पेशंट झोपवून सराव करा. माणूस पडला की सगळे एकदम धावतात, खरं तर एकाने त्याच्याजवळ, एकाने फोनकडे आणि एकाने बाकीच्या गटाकडे बघायचं असतं. हे सरावाशिवाय जमत नाही.

डोंगराचं देणं

कचरा परत आणायचा, स्वतःचाही आणि वाटेत दिसलेलाही. शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामाच्या जागेपासून निदान 60 मीटर लांब, 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा करून, वर माती. स्पीकर नको. हे नियम नवीन माणसाला सर्वांसमोर ओरडून सांगू नका, आधीच्या मेसेजमध्ये लिहा आणि जुन्यांनी तसं वागून दाखवा.

पुढचे लीडर

चांगला चालणारा म्हणजे चांगला लीडर नव्हे. मी स्वीपमध्ये लीडर शोधते. जो तीन तास सगळ्यात हळू माणसाबरोबर न चिडता चालू शकतो, त्याला आपण घाई करतोय असं जाणवूही देत नाही, त्याला नकाशा शिकवता येतो. उलटं शिकवणं फार अवघड. आमच्याकडे क्रम असा: आधी चार-पाच ट्रेक सहभागी, मग स्वीप, मग सहलीडर, मग जुना लीडर सोबत असताना स्वतः लीड, मग एकट्याने. सलग दोन ट्रेक एकाच लीडरला द्यायचे नाहीत, आणि महिन्यातून एक तरी ट्रेक असा की जिथे लीडर मंडळी फक्त स्वतःच्या आनंदासाठी जातात.

ट्रेकनंतर त्याच आठवड्यात लीडर आणि स्वीपने अर्धा तास बोलायचं आणि वहीत लिहायचं: किती वेळ लागला, कुठे घसरायला झालं, कोणता अपघात थोडक्यात टळला. थोडक्यात टळलेलं आवर्जून लिहा, दोष कोणाचा ते लिहू नका. पुढचा लीडर निघायच्या आधी ती वही वाचतो.

आणि पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला दोन दिवसांत एक फोन. मेसेज नाही, फोन. पाय दुखतायत का, काय आवडलं नाही, पुढच्या वेळी येणार का. हे काम स्वीपने करायचं, कारण त्याने त्या माणसाबरोबर दिवसभर चाललेलं असतं.