डॅशबोर्डातल्या टॅबची घरघर

जुन्या गाडीचा स्टिरिओ गेला, तेव्हा त्या जागी घरात पडून असलेला सात इंची टॅब बसवला. डबल-डिन खाच (स्टिरिओसाठीची ठरावीक मापाची जागा) १७८ बाय १०० मिलिमीटरची, टॅब त्याहून मोठा. फ्रेम कानशीने घासण्यात एक रविवार गेला, ते असो. अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारी पेटी) सीटखाली ठेवला.

पहिली चूक म्हणजे १२ व्होल्टचे टॅबसाठी ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरची वायर कायम चालू असणाऱ्या लाइनीवर जोडली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालो तर बॅटरी ठार! शेजारी धक्का मारताना म्हणाला, "पात्रांव, टीव्ही रात्रभर चालू ठेवलास काय?" मग चावी फिरवल्यावरच करंट येणारी एसीसी लाइन टेस्टरने शोधली, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज टाकला आणि कन्व्हर्टर तिच्यावर घेतला.

खरा छळ आवाजाचा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणावा तशी घरघर, वेगाबरोबर चढणारी. चार्जिंगची पिन उपटली की एकदम शांत! म्हणजे दोष टॅबचा नव्हे, चार्जिंग आणि ऑडिओ दोन्हींच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा. टॅबमधून आवाज नेणाऱ्या ऑक्स वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावला, घरघर बंद. त्या इवल्या डबीत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, बाकी काही नाही.

चोर्ला घाटासाठी नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवतो. टॅबला स्वतःचं जीपीएस आहे ना, हे मात्र आधी बघा. नुसत्या वायफायवाल्या बऱ्याच टॅबना ते नसतं. आणि मे महिन्यात गाडी उन्हात लावायची असेल तर टॅब काढून घरात न्या.