मालवाहू व्हॅनचे पासिंग : तपासणीचा अहवाल कसा वाचावा आणि नापास बाबी कशा दुरुस्त कराव्यात

दूध, पाव, औषधे किंवा कुरिअरची पार्सले पोहोचवणारी छोटी व्हॅन हे अनेक कुटुंबांचे पोट असते, आणि ती पासिंगमध्ये, म्हणजे परिवहन खात्याच्या योग्यता तपासणीत, नापास झाली की धंदा जागच्या जागी थांबतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे व्यावसायिक वाहनाकडे चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही. कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याहून गंभीर म्हणजे, अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्याची छाननी करताना पहिले बोट याच कागदावर ठेवते. नापास झालेल्या गाडीचा अहवाल कोणत्या भागात काय बिघडले आहे हे पुष्कळ नेमकेपणाने सांगत असतो. तो न वाचताच गाडी गॅरेजमध्ये किंवा एजंटाच्या हाती सोपवणे हीच सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

पायरी १ : मुदत आणि कागद आधी जुळवावेत

नव्या व्यावसायिक वाहनाचे प्रमाणपत्र पहिली दोन वर्षे चालते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याच्या किमान महिनाभर आधी परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीची माहिती उघडावी आणि विमा, कर, पीयूसी यांच्या तारखा पाहाव्यात. महाराष्ट्रात नोंदणीला आठ वर्षे झालेल्या व्यावसायिक वाहनाला पर्यावरण कर लागू होतो, आणि नेमका तोच भरायचा राहून गेल्याचे अनेकांना अर्ज करताना कळते. थकीत ई-चलनेही याच वेळी पाहून घ्यावीत. एकूण भारासह वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोट्या व्हॅनच्या मालकाने परमिटच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आता आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चॅसी क्रमांक, म्हणजे सांगाड्याचा क्रमांक, गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी प्रत्यक्ष ताडून पाहावा. गंजामुळे किंवा रंगाच्या थराखाली तो वाचता येत नसेल, तर ती जागा आधीच हलक्या हाताने स्वच्छ करून घ्यावी; तिथे ग्राइंडर मुळीच लावू नये, कारण खरवडलेला क्रमांक छेडछाड केल्यासारखा दिसतो.

कागद आणि गाडी यांचा मेळ न बसण्याची दोन उदाहरणे वारंवार आढळतात. पेट्रोल गाडीला नंतर बसवलेले सीएनजी किट आरसीवर चढवलेले नसते किंवा टाकीची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झालेली नसते, हे पहिले. मालवाहू म्हणून नोंदलेल्या व्हॅनमध्ये मागे बाक टाकून माणसे बसवण्याची सोय केलेली असते, हे दुसरे. किटची नोंद आणि टाकीची चाचणी करून घेता येते. बाक मात्र काढूनच टाकावा, कारण मालाच्या जागेत बसलेल्या माणसाला ना पट्ट्याचे संरक्षण असते, ना निर्विवाद विम्याचे.

पायरी २ : घरच्या घरी पाहता येण्यासारखे सर्व काही पाहून घ्यावे

यासाठी एक सकाळ आणि एक मदतनीस पुरतो. मदतनीसाला आत बसवून हेडलाइट, डीपर (हेडलाइटचा खालचा झोत), इंडिकेटर, ब्रेकलाइट, रिव्हर्स लाइट, नंबरप्लेटवरचा दिवा, वायपर आणि हॉर्न एकेक करून लावून पाहावेत. कर्णकर्कश किंवा अनेक सुरांचा हॉर्न काढून मूळचा बसवावा. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी (एचएसआरपी नंबरप्लेट), पुढची पांढरी आणि मागची लाल परावर्तक पट्टी, प्रथमोपचार पेटी आणि धोक्याचा त्रिकोण या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून गाड्या परत पाठवल्या जातात. काचांवर काळी फिल्म नसावी. मालवाहू व्हॅनला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घालणारा वेगनियंत्रक बंधनकारक आहे; त्याची वायर कोणी काढून ठेवलेली नाही ना, हेही पाहावे.

टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. टायरच्या बाजूला त्रिकोणाची खूण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरे असतात, आणि त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराची छोटीशी उंच पट्टी असते. टायर झिजून तिच्या पातळीवर आला असेल, तर तो बदलावाच. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवून नंतर पुन्हा गुळगुळीत टायर लावण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. पावसाळ्यात भरलेली व्हॅन घाट उतरताना या चलाखीची किंमत चालकाला आणि समोरून येणाऱ्याला मोजावी लागते, म्हणून तो सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे.

हेडलाइटचा झोत तपासण्यासाठी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर सुमारे आठ-दहा मीटरवर रिकामी उभी करावी. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर चिकटपट्टी लावावी. डीपरवर प्रकाशाची वरची कड त्या पट्टीच्या थोडी खाली पडली पाहिजे आणि दोन्ही दिव्यांची उंची सारखी असली पाहिजे. मूळ हॅलोजनच्या घरात बाजारातला पांढरा एलईडी बल्ब कोंबला असेल, तर झोत विखुरतो आणि स्क्रू कितीही फिरवला तरी यंत्रावर जुळत नाही. अशा वेळी मूळ बल्ब परत बसवणे हाच खरा उपाय आहे.

पायरी ३ : तपासणीच्या दिवशी काय होते ते समजून घ्यावे

वेळ ऑनलाइन घेतलेली असते. काही ठिकाणी मोटार वाहन निरीक्षक गाडी स्वतः पाहतात आणि ट्रॅकवर ब्रेक लावून घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राज्यात त्यासाठी २५० मीटर लांबीच्या ट्रॅकचा आग्रह धरला गेला. स्वयंचलित चाचणी केंद्रात हेच काम यंत्रे करतात. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा केंद्राला वाहनदुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही. म्हणून ‘केंद्राचा माणूस’ म्हणवून फाटकाशीच दुरुस्तीचा सौदा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गाडी रिकामी, धुतलेली आणि खालून स्वच्छ असावी. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा असावी, कारण दोन बाजूंच्या हवेत फरक असेल तर ब्रेकचे आणि साइड स्लिपचे (सरळ जाताना चाके बाजूला सरकण्याचे) आकडेही फसवे येतात.

पायरी ४ : अहवालातला ब्रेकचा भाग सर्वांत आधी वाचावा

येथे थोडे थांबावे लागेल, कारण व्हॅन नापास होण्याचे हे कारण जितके नेहमीचे, तितकेच ते चुकीच्या रीतीने दुरुस्त केले जाते. यंत्रावर एका ॲक्सलची (आसाची) दोन्ही चाके रोलरांवर चढवली जातात, रोलर चाके फिरवतात आणि चालक पेडल दाबत नेतो. यंत्र डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक-जोर वेगवेगळा मोजते. अहवालात त्यामुळे दोन प्रश्नांची उत्तरे असतात : गाडीच्या वजनाच्या मानाने एकूण जोर पुरेसा आहे का, आणि दोन बाजूंमध्ये फरक किती आहे.

दोन्ही बाजूंचा जोर सारखाच कमी असेल, तर लायनर (ब्रेक शूवरचा घर्षणाचा थर) झिजलेले असणे, शूची ॲडजस्टमेंट सैल असणे, ब्रेक ऑईल जुने होणे किंवा पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम न मिळणे ही कारणे शोधावीत. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून गाडी कमी चालली असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलणे इष्ट.

एकाच बाजूचा जोर कमी असेल, तर त्या चाकाचा ड्रम काढायला लावावा आणि स्वतः उभे राहून आत पाहावे. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑईलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीची कड बोटाने उचलल्यावर आत पातळ ओल दिसली, तर सिलिंडर गळतो आहे. बॅकप्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) काळपट, दाट आणि उग्र वासाचे तेल पसरले असेल, तर ते डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) असून ॲक्सलचे ऑईल सील गेलेले आहे. पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून तेच शू परत बसवणारा मेकॅनिक वेळ वाचवत असला, तरी तेल प्यायलेले लायनर चार दिवसांत पुन्हा निसटू लागते. आधी गळती बंद करावी आणि मग दोन्ही बाजूंचे शू एकत्र बदलावेत. एकाच चाकाला नवे लायनर घातले, तर फरक कमी होण्याऐवजी दुसऱ्या बाजूने वाढतो. पेडल धरल्यावर जोराचा आकडा वरखाली होत असेल, तर ड्रम अंडाकृती झाल्याची शंका घ्यावी.

हँडब्रेकची नोंद स्वतंत्र असते. बऱ्याच व्हॅनमध्ये चालक गाडी गिअरमध्ये उभी करतो, हँडब्रेक वापरत नाही, आणि केबल गंजून जागीच अडकते. अशा वेळी केबल ताणण्यापेक्षा बदलणे बरे.

पायरी ५ : बाकीचे शेरे

‘प्ले’ (ढिलेपणा) असा शेरा स्टिअरिंग किंवा पुढच्या चाकांसमोर असेल, तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश तपासावेत. हे भाग बदलल्यावर अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय साइड स्लिप सुधारत नाही. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) एखादे पान तुटलेले किंवा यू-बोल्ट सैल आढळणे हे जादा माल भरण्याचे लक्षण आहे. धूर किंवा वायू उत्सर्जनात नापास झाल्यास एअर फिल्टर, डिझेल गाडीत इंजेक्टर आणि पेट्रोल-सीएनजी गाडीत प्लग व ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने जावे. चालत नसलेला स्पीडोमीटर हाही नापास होण्याचाच मुद्दा आहे.

कोकणकिनारी आणि मासळीच्या वाहतुकीतील व्हॅनचा पत्रा सडण्याकडे विशेष लक्ष द्यावे. सडलेल्या जागेवर पुट्टी भरून रंग मारल्यास पेचकसाच्या टोकाने दाबताच ती निखळते. जेथे सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट पत्र्याला जोडलेले असतात, तेथे सडका भाग कापून नवा पत्रा जोडलाच पाहिजे.

पायरी ६ : फेरतपासणी आणि प्रमाणपत्र

दुरुस्तीची बिले आणि बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. स्वयंचलित केंद्रात ज्या बाबींत गाडी नापास झाली, त्यांची फेरतपासणी ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून करता येते. ती मुदत अहवाल हाती येताच विचारून लिहून ठेवावी, कारण ती उलटल्यास सारी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. निकालच चुकीचा आहे असे पुराव्यानिशी वाटत असेल, तर अपिलाची तरतूद आहे. त्यासाठी अहवालाची प्रत आणि त्याच काळात दुसऱ्या ठिकाणी करून घेतलेल्या अलाइनमेंटसारख्या तपासणीची छापील नोंद जवळ ठेवावी.

उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ३८, पोर्टलवरून उतरवून घ्यावे आणि त्यावरील नोंदणी क्रमांक, चॅसी क्रमांक व मुदतीची तारीख तेथेच वाचून पाहावी. चूक आढळल्यास गाडी मालाला लावण्यापूर्वी, शक्यतो त्याच दिवशी, परिवहन कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.