पिकअपला ट्रॉली जोडताय? गिअरबॉक्सच्या बाबतीत या चुका टाळा

नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा नाहीतर कळमन्याच्या गाडीवाल्यांना, 'वजन ओढायचं तर मॅन्युअलच घे ना बाप्पा' हेच ऐकू येईल. मालवाहू पिकअपपुरतं ते ठीक आहे, कारण तिथे बहुतेक वेळा दुसरा पर्यायच नसतो. टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस घेताना मात्र हा सल्ला डोळे मिटून मानणं ही पहिली चूक. हायलक्सचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन मॅन्युअल-ऑटोमॅटिक दोन्हीत तेच, पण ऑटोमॅटिकला टॉर्क (ओढायची ताकद) ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२०. अमेरिकेत रॅम कंपनीच्या हेवी ड्यूटी पिकअपला २०१८ पर्यंत मॅन्युअल मिळत होता. पुढच्या पिढीत तो काढूनच टाकला.

म्हणून ऑटोमॅटिक दणकट, असंही नाही. दोघांच्या बिघडण्याच्या जागा वेगळ्या आहेत. मॅन्युअलचं नुकसान होतं गाडी जागेवरून हलवताना, ऑटोमॅटिकचं होतं धावताना, तापून.

हाफ क्लचवर गाडी धरणं

मागे जनरेटरची ट्रॉली, पुढे उड्डाणपुलाचा चढ आणि त्यात जाम. अशा वेळी ब्रेकऐवजी क्लच अर्धा दाबून गाडी जागेवर धरायची सवय आपल्याकडे फार. रिकाम्या गाडीला ते कसंबसं खपतं. ट्रॉली असली की तेवढ्यातच क्लच प्लेट तापून वास सुटतो. हँडब्रेक ओढा, क्लच पकडतोय असं जाणवलं की मग हँडब्रेक हळूच सोडा. दुसऱ्या गिअरमध्ये उचलू नका. मंगल कार्यालयाच्या गल्लीत ट्रॉली रिव्हर्स लावताना तर क्लच सगळ्यात जास्त जळतो, कारण तिथे माणूस इंचाइंचाने सरकत असतो. फोर बाय फोर गाडी असेल आणि खाली मुरूम किंवा माती असेल तर फोर-एल (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू मोड) टाका, क्लचला मोठा आराम मिळतो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंट रोडवर मात्र फोर-एलमध्ये स्टिअरिंग वळवू नका, सगळा ताण गाडीच्या शाफ्टवर येतो.

वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या. नंतर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट गेली. केबल किंवा पेडल ॲडजस्ट करून ती परत येत नाही, मेकॅनिक काहीही म्हणो.

ऑटोमॅटिक डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाकून विसरणं

ही नागपूरकरांची खास चूक, कारण इथे मे अखेरच्या नवतपात पारा ४५ च्या आसपास असतो. गिअरबॉक्सचं तेल ज्या कूलरमध्ये थंड व्हायचं, त्यात हवाच तेवढी गरम शिरते. त्यात चढावर गाडी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये सारखी वरखाली करू लागली की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं आणि आतलं तेल घुसळून आणखी तापतं. आरपीएमचा काटा असा नाचायला लागला की लिव्हर मॅन्युअल मोडला घ्या आणि चौथा किंवा पाचवा धरून ठेवा. डिझेल थोडं जास्त जाईल, जाऊ द्या.

तापमानाचा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका. सुरक्षित जागी थांबून पीमध्ये (पार्कमध्ये) टाका आणि इंजिन चालू ठेवा. तेलाचा पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद केलं तर तेल कूलरपर्यंत फिरणारच नाही. नंतर पुढची जाळी बघा, कापसाचे तंतू आणि धूळ अडकलेली असते. जोराचा प्रेशर जवळून मारू नका, पत्रे दुमडतात.

'तेल आयुष्यभर बदलायला लागत नाही' हे ओढणाऱ्या गाडीला लागू नाही. मॅन्युअलमध्ये कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. (मॅन्युअल म्हणजे गाडीचं पुस्तक, ते बहुतेकांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडून असतं.) ट्रॉलीच्या वजनाची मर्यादाही त्यातच सापडेल, हिच (ट्रॉली जोडायचा हुक) लावणाऱ्याच्या दुकानात नाही. ऑइल त्यात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. लाल दिसलं म्हणून कुठलंही चालत नाही.

उतारावर न्यूट्रल

बैतूलकडचा घाट असो की चिखलदरा, 'डिझेल वाचतं' म्हणून न्यूट्रल करणारे भेटतातच. गिअरमध्ये पाय उचलला की आजचं डिझेल इंजिन इंधन जवळपास तोडतं. न्यूट्रलमध्ये उलट चालू राहण्यापुरतं तरी जळतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ट्रॉलीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. घाट उतरायच्या आधीच खालचा गिअर घ्या. ऑटोमॅटिकलाही हेच, डीवर भरवसा ठेवू नका.

चढावर थांबताना थेट पी टाकणंही वाईट. आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करून वजन बसू द्या, शेवटी पी. नाहीतर गाडी आणि ट्रॉलीचा सगळा भार आतल्या एका छोट्या खुंटीवर लटकतो. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचाच.

बंद पडलेल्या ऑटोमॅटिकला धक्का मारून काही होत नाही, आणि चारही चाकं जमिनीवर ठेवून टोचन करणं तर गिअरबॉक्स मारणं आहे. इंजिन बंद असल्यामुळे आत तेलच फिरत नाही. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड मागवा.

जुनी पिकअप घेताना मागे हिच लावल्याच्या खुणा दिसल्या तर गाडी थंड असताना चालवायला मागा. मॅन्युअलचा क्लच पेडल अगदी वर आल्यावर पकडत असेल, किंवा ऑटोमॅटिकमध्ये डी टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करून मग धक्क्याने निघत असेल, तर भाव पाडत बसू नका. दुसरी बघा.