वेल्समध्ये नर्सिंगला येताय? वेल्श भाषेचं काय करायचं ते सांगते

इकडे नोकरीला यायचंय म्हणून मेसेज करणाऱ्या मुली वाढल्यात (२०२४ च्या मार्चमध्ये वेल्स सरकारने नर्स-डॉक्टर आणण्यासाठी केरळशी करार केला तेव्हापासून चौकशा अजूनच), आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "ताई, तिकडे वेल्श यावंच लागतं का?" तर नाही. नर्स म्हणून रजिस्ट्रेशनला इंग्रजीच, आयईएलटीएस नाहीतर ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. पण जाहिरात नीट वाचा, कुठे वेल्श 'इसेन्शियल' असतं, कुठे 'डिझायरेबल', कुठे नोकरी लागल्यावर शिका असं असतं. डिझायरेबल दिसलं की घाबरून अर्जच न करणाऱ्या खूप जणी बघितल्यात, तसं करू नका, ते नुसतं असेल तर बरं एवढंच असतं.

मग शिकायचं कशाला? २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये १७.८ टक्के लोकांना वेल्श येतं, पण मी राहते त्या ग्विनेद काउंटीत ६४ टक्क्यांना. वॉर्डात म्हातारे पेशंट घरात जन्मभर वेल्शच बोललेले, डिमेन्शिया झाला की नंतर शिकलेलं इंग्रजी बऱ्याचदा आधी निसटतं. म्हणून इथे 'अ‍ॅक्टिव्ह ऑफर' म्हणतात, म्हणजे पेशंटने मागायच्या आधीच आपण विचारायचं की वेल्शमध्ये बोलायचंय का. मला काही फाडफाड येत नाही, पण कुठे दुखतंय, चहा हवाय का एवढं विचारलं तरी बीपी घेऊ न देणारी आजी मुकाट हात पुढे करते.

भाषेला घाबरू नका, मराठीवाल्यांना तर काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. 'टी' आणि 'खी' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, पेशंटला खीच. येतेस का विचारलं की आपण 'येते' म्हणतो ना, तसंच हे लोक 'हो' च्या जागी बरेचदा क्रियापदानेच उत्तर देतात. त्रास होतो तो शब्द बदलण्याचा. आपण पुणे-पुण्यात करताना शब्दाचं शेपूट बदलतो, हे डोकं बदलतात, बँगॉर गावात म्हणायचं तर 'अम मँगॉर' आणि बँगॉरला जायचं तर 'इ व्हँगॉर'. चुकलं तरी कोणी हसत नाही, बिनधास्त बोला.

खरी अडचण व्याकरणाची नाहीच. तुम्ही दुकानात वेल्शमध्ये विचारता आणि समोरची बाई तुमच्या तोंडाकडे बघून इंग्रजीत उत्तर देते, आणि तुमच्याच क्लासमधली गोरी मैत्रीण, तेवढीच मोडकी बोलणारी, तिला मात्र वेल्शमध्ये उत्तर मिळतं. मुंबईत मराठीत विचारल्यावर हिंदीत उत्तर येतं ना, तसंच, फक्त इथे त्यात रंगही येतो. बहुतेकांच्या मनात आपल्याला सोपं पडावं एवढंच असतं हे मान्य, पण परिणाम तोच, आपण गप्प बसतो. यावर उपाय म्हणजे सरळ हसून "कम्राइग, प्लीस" म्हणायचं, म्हणजे वेल्शमध्येच बोला. आणि गळ्यात 'दस्गी कम्राइग' लिहिलेला नारिंगी पट्टा घाला, मी शिकतेय असा त्याचा अर्थ, मग लोक सावकाश बोलतात.

सरकारचं २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणाऱ्यांचं टार्गेट आहे, २०२२ मध्ये वंशवादविरोधी आराखडाही काढला, सगळं छान, पण मला विचाराल तर काउंटरवरच्या माणसाने इंग्रजीवर उडी मारली नाही तरी अर्धं काम होईल. जोसेफ न्याग्बो यांचं नाव मात्र शोधून वाचा, आयव्हरी कोस्टमधून २०१८ मध्ये कार्डिफला आश्रय मागायला आले, वेल्श शिकले आणि २०२३ मध्ये वेल्श भाषेसाठी १९६२ पासून लढणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

शिकायचं कुठे, तर वेल्श शिकवणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचे क्लास वर्गात पण आणि ऑनलाइन पण, १६ ते २५ वयाच्यांना फुकट. 'वर्क वेल्श' चे छोटे ऑनलाइन कोर्स फुकट, त्यात आरोग्यसेवेसाठी वेगळा पण आहे, तो इथे यायच्या आधीच करून टाका. नंतर सुट्टी काढून नांत गुर्थेर्नला जाऊन राहा, समुद्राकाठचं खाणकामगारांचं ओसाड पडलेलं गाव होतं, आता तिथे राहून वेल्श शिकतात.

मुलं असतील तर वेल्श माध्यमाच्या शाळेचा विचार नक्की करा. तिथले बरेचसे पालक घरी इंग्रजीच बोलणारे असतात, शाळेची पत्रं दोन्ही भाषांत येतात, आणि घरी मराठी बंद करायची काही गरज नाही, उलट अजिबात करू नका. हो, आणि ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्यात भाषेची अट इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक अशी आहे, हे इथल्याही खूप जणांना माहीत नसतं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी शिफ्टची. क्लास संध्याकाळी, आपली ड्युटी रात्री आठपर्यंत, अर्ध्या मुली याच कारणाने सोडतात. त्यामुळे ऑफर लेटर आलं की लगेच मॅनेजरला मेल करा की क्लासचा दिवस रोस्टरमध्ये धरणार का, आणि उत्तर लेखीच घ्या.