मूल नीट जेवत नाही? घरात होणाऱ्या या चुका टाळा

मुलाच्या जेवणात मोठ्यांचं काम वेगळं आणि मुलाचं काम वेगळं. काय रांधायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. ताटातलं काय आणि किती खायचं, हे मुलानं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात ही विभागणी मांडली आणि आजही मुलांचे आहारतज्ज्ञ तीच सांगतात. बहुतेक घरांत मात्र उलटं चालतं. ‘आज काय करू तुला?’ असं मुलाला विचारलं जातं, नावडतं निघालं की दुसरा पदार्थ केला जातो आणि शेवटचा घास संपवायची सक्ती मात्र आपण करतो. खाली दिलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ या अदलाबदलीत आहे.

“आधी छान खायचा, आता खातच नाही”

ही तक्रार बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या मुलाबद्दल असते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होणारच. इथे चूक होते ती घाबरून वाटी-चमचा घेऊन मागे धावण्याची. एका जेवणावरून काही ठरवू नका, आठवडाभराचं खाणं पाहा.

“जेवायच्या वेळी भूकच नसते”

मुलाला दोष देण्याआधी घड्याळ बघा. पाचला शाळेतून आल्यावर चार बिस्किटं, खेळता खेळता मूठभर चिप्स, सातला पेलाभर दूध आणि आठला ताट. भूक लागायला मधे वेळच कुठे मिळाला? दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि त्या वेळात फक्त पाणी द्या. मधल्या वेळचं खाणंसुद्धा बसून, ठरल्या वेळी आणि खरं अन्न असलेलं हवं. आठवड्याभरात फरक दिसू लागतो. आणखी काही बदलायच्या आधी हाच उपाय करून बघा, असं मी आग्रहानं सांगेन.

दुधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जेवला नाही म्हणून दूध पाजायचं, दुधानं पोट भरलं म्हणून पुढचं जेवण नको, की पुन्हा दूध, असं चक्र अनेक घरांत चालतं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुरेसं असतं. दुधात लोह फारच कमी असतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. त्यामुळे भरपूर दूध पिणारी, वजनानं चांगली दिसणारी मुलंही रक्तक्षयी असू शकतात. लोह कमी झालं की भूक आणखी मरते. फळांच्या रसाचंही तसंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आत रस नकोच आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलीच्या वर नको. अख्खं फळ द्या.

“भाजी बघितली तरी तोंड फिरवते”

दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती सर्वांत जास्त असते. शिवाय लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. नवा पदार्थ आवडायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहूनही जास्त. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या नकाराला ‘हिला आवडत नाही’ असं तिच्यादेखत जाहीर करून मोकळे होतो.

ओळखीच्या पदार्थाशेजारी मटाराचे दोनच दाणे ठेवा. तिनं ते बोटानं दाबले, चाटले, तोंडात घालून पुन्हा बाहेर काढले, तरी ओळख वाढली. तुम्ही तोच पदार्थ तिच्यासमोर बसून खा आणि तिच्या ताटाबद्दल काही बोलू नका.

‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा तर करूच नका. लिअ‍ॅन बर्च यांनी मुलांच्या आवडीनिवडींवर अनेक वर्षं संशोधन केलं. बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ पुढे नावडता होतो आणि बंदी घातलेल्याचा मोह वाढतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून गोड खाऊ कपाटात कुलपात ठेवण्यापेक्षा तो रोज घरात नसलेला बरा.

“एकच घास, माझ्यासाठी”

प्रेमानं केलेली असली तरी ही सक्तीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९३९ मध्ये १५ बाळांवरच्या दीर्घ प्रयोगाची माहिती मांडली. मुलांसमोर साधे, प्रक्रिया न केलेले ३४ पदार्थ असत आणि निवड पूर्णपणे त्यांची. एकेक जेवण अगदी विचित्र दिसे, तरी सगळी मुलं निरोगी वाढली. पण त्या पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती. पदार्थांची यादी मोठ्यांनी केली होती, म्हणून मुलांची निवड निभावली.

मोबाइल दाखवून भरवणं हे सक्तीचंच शांत रूप आहे. डोळे पडद्यावर, चमचा ओठाला लागला की तोंड उघडतं, घास गालात तसाच राहतो. पोट भरल्याची जाणीव मुलापर्यंत पोचतच नाही. सगळी जेवणं एकदम बदलायला जाऊ नका. घरातलं कोणीतरी सोबत बसू शकेल असं एक जेवण निवडा. सुरुवातीला मूल कमी खाईल, ते अपेक्षितच आहे. अर्ध्या तासानं न रागावता ताट उचला आणि पुढचं खाणं ठरल्या वेळीच द्या.

रडणाऱ्या किंवा पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबू नका, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे आणि सुका मेवा टाळा, द्राक्षं उभी चिरून द्या.

डॉक्टरांकडे कधी?

वजन घटतंय किंवा अडलंय, गिळताना वारंवार खोकला येतो, घट्ट अन्न तोंडात गेलं की उमळून येतं, चेहरा फिकट दिसतो, किंवा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत चाललीय, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. बद्धकोष्ठाबद्दलही सांगा, कारण भूक न लागण्यामागे पुष्कळदा तेच असतं. जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता, काय, किती. त्यात दुधाचे पेले आणि येता-जाता हातावर ठेवलेलं बिस्किटही लिहा.