वॉर्डाचा हवा-आराखडा: आधी धूळ आणि धूर वेगळे करा

वॉर्डासाठी हवेचा आराखडा करायला बसलात, की पहिल्या पानावर एक गोष्ट ठरवा: आपल्याला धूळ कमी करायची आहे की धूर? चेंबूरमधल्या आमच्या नागरिक गटात मी हे दरवेळी सगळ्यात आधी विचारते. शाळेत वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा फरक पुसट झालेला मला चालत नाही.

रस्त्यावरची आणि बांधकामाची माती मुख्यतः पीएम १० मध्ये, म्हणजे हवेतल्या १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांमध्ये, मोजली जाते. पीएम २.५ हे त्यातलेच २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण, आणि ते बहुतांशी जळणातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. काही तर हवेतच तयार होतात, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि अमोनिया यांच्या अभिक्रियेतून. टँकरने रस्ता धुऊन हे बारीक कण फारसे कमी होत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते, म्हणून पैसाही झाडण्याधुण्याकडे वळतो. मात्र फुप्फुसात खोलवर जाऊन रक्तात उतरतात ते बारीक कण.

मग आकडे घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर जवळच्या केंद्राच्या तासातासाच्या नोंदी मिळतात. एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या, एका आकड्यावर थांबू नका, पीएम २.५ आणि पीएम १० वेगळे उतरवून घ्या. आपल्याकडे पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांसाठी ६० आणि वर्षाच्या सरासरीसाठी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाची ५ सुचवली. पीएम १० मध्ये निम्म्याहून जास्त वाटा पीएम २.५ चा दिसला, तर जळण शोधायला निघा.

ते शोधायचं रात्री उशिरा आणि पहाटे. मुंबईत दुपारी खारे वारे हवा हलवतात. थंडीच्या रात्री मतलई वारे मंद असतात, जमिनीलगतची हवा गार होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. तेव्हा जे पेटेल त्याचा धूर गल्लीतच राहतो. नकाशावर खुणा करत चला: बेकरीची भट्टी, हॉटेलचा तंदूर, लाकडावरची स्मशानभूमी, भंगारात तांब्यासाठी जाळलेल्या वायरी, मैदानाच्या कडेला पेटवलेला कचरा, रखवालदारांच्या शेकोट्या.

शेकोटीबद्दल थोडं सविस्तर. रात्रभर थंडीत बसणाऱ्या माणसाला दम देऊ नका. सोसायटीने त्याला जाड जॅकेट, ब्लँकेट आणि केबिनमध्ये विजेचा हीटर द्यावा. आराखड्यातलं हे सगळ्यात स्वस्त कलम आहे. बेकरीवाल्याकडेही तक्रार घेऊन जाऊ नका. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडावा, असा उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा आदेश आहे, पण नव्या भट्टीचा खर्च छोट्या मालकाला झेपत नाही. पाइप गॅस त्या गल्लीपर्यंत आला आहे का, कर्ज कुठे मिळेल, हे आधी विचारून ठेवा आणि मगच दार वाजवा. फर्निचरची रंग लावलेली मोडकी लाकडं मात्र भट्टीत आजपासूनच बंद, हे ठामपणे सांगा.

प्रत्येक खुणेपुढे जबाबदार खातं लिहा. कचरा जाळण्याला वॉर्डाचा घनकचरा विभाग. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच त्यासाठी जाळणाऱ्याकडून ५,००० रुपयांची भरपाई ठरवली, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटना आणि कारखान्यांना संमती देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. बांधकामांसाठी पालिकेची ऑक्टोबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पत्रे, हिरवं कापड, फवारे लावलेत का ते तपासा, पण हे धुळीचं काम म्हणून वेगळ्या पानावर.

वॉर्डाच्या हद्दीला वारा जुमानत नाही. माहुलच्या रिफायनऱ्या, तळोजा, ठाणे, भिवंडी यांची हवा एकच. तिथली धुरांडी आणि ट्रक यांची कलमं महानगर पातळीवरच हलतील. म्हणून आराखड्याची एक प्रत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेही (एमएमआरडीए) द्या. डिझेल गाड्या हा यातला सगळ्यात अवघड भाग. बस वाढवा, मालवाहतूक विजेवर न्या, ही मागणी दरवर्षी लावून धरावी लागते.

यश मोजताना जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा. पावसाळ्यात हवा आपोआप धुतली जाते; ते आकडे घेऊन कोणी पाठ थोपटून घेत असेल, तर त्याच बैठकीत उठून हिवाळ्याचे आकडे मागा.